सगळी जाकिटं माझीच

माझे वडील सईस होते. रेसच्या घोड्याला मालिश करायची, पहाटे फिरवायचं, दाणा-पाणी बघायचं, लीद काढायची, हे त्यांचं काम. घोडा जिंकला की मालकाचा फोटो निघायचा. त्या फोटोच्या कडेला लगाम धरलेला एक हात दिसायचा. तो आमच्या अप्पांचा. असे तीन फोटो आमच्या घरात होते आणि तिन्हींत अप्पांचा चेहरा नव्हता.

मी सातवीत असताना एका घोडीनं लाथ मारली आणि अप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा नीट जुळलंच नाही. तबेल्यामागची खोली कामावरच्या सईसाला लागणार होती, ती आम्ही सोडली. मल्लेश्वरमच्या एका आडगल्लीत पिठाच्या गिरणीवर एक खोली मिळाली. दिवसभर खालची गिरणी चालायची आणि खोली थरथरायची. अप्पा खाटेवर पडून म्हणायचे, "बरं वाटतं गं. घोडा पळतोय असं वाटतं." आई तोंड फिरवून घ्यायची.

आम्ही मराठी बोलणारी माणसं, पण बेंगळुरात किती पिढ्या झाल्या ते आजोबांनाही सांगता आलं नसतं. आमच्या मराठीत स्वल्प कन्नड आणि कन्नडमध्ये स्वल्प मराठी. वाचायला मात्र दोन्हींतलं काहीच घरात कुणाला यायचं नाही. अप्पा रेसच्या छापील पुस्तकात घोड्यांची नावं ओळखायचे ती अक्षरांच्या लांबीवरून. लांबलचक नाव म्हणजे तो काळा, आखूड म्हणजे ती चावरी घोडी. हे मी लाजून सांगत नाही. पुढं काय झालं ते कळावं म्हणून सांगते.

अप्पा पडल्यावर तीन महिन्यांनी मेष्ट्रु आमच्याकडे आले. कन्नडमध्ये मेष्ट्रु म्हणजे मास्तर. शाळेतलाही आणि शिंप्याच्या दुकानातलाही. हे दुसरे, शिंपी. रेसमध्ये जॉकी जे रंगीबेरंगी रेशमी सदरे घालतात ना, ते शिवायचे. क्लबात त्याला 'कलर्स' म्हणत. मेष्ट्रु साधं 'जाकीट' म्हणत. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले. कुणाचं लाल अंग आणि पिवळ्या बाह्या, कुणाचं पांढऱ्यावर निळे ठिपके. एकाचे रंग दुसऱ्याला घेता येत नाहीत. अर्ध्या मैलावरून घोडे येत असले की लोकांना घोडा दिसत नाही, जाकीट दिसतं.

मेष्ट्रु आले ते हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन, अप्पांना बघायला. बसले, आणि त्यांची नजर अप्पांच्या उशीवर गेली. अभ्रा फाटला होता आणि आईनं तो शिवला होता. मेष्ट्रुंनी अप्पांचं डोकं सरळ एका हातानं उचललं, उशी काढून घेतली, अभ्रा उलटा केला आणि आतली बाजू खिडकीशी नेऊन बघितली.

"अक्का, हा टाका कुणाचा?"

"माझाच, अण्णा."

"उद्यापासून जाकिटं आणतो."

असं म्हणून ते उठून गेले. मोसंबी घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी कापडाचा गठ्ठा आणि चार मोसंबी घेऊन आले. दोन रात्री खाल्ली, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

तेव्हापासून आमच्या एकुलत्या खिडकीवर जाकिटं टांगलेली असायची. मी कॉलेजात गेले ती त्या जाकिटांवर. दुसऱ्या कशावर नाही.

मेष्ट्रु उंच, काडीसारखे. चष्म्याच्या काड्यांना मागून इलॅस्टिक बांधलेलं. अंगावर कायम पांढरं. सदरा पांढरा, पंचा पांढरा, चप्पलसुद्धा चुन्यानं रंगवलेली. सगळ्या बेंगळुरात पांढरी छत्री घेऊन फिरणारा माणूस एकच होता. कारण विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर रंगातच असतो. अंगावरही रंग घातला तर डोळे भरून जातील. उद्याला काही उरायला नको?"

दुकानाला पाटी नव्हती. एक मशीन, एक बाक आणि सराफाकडं असतो तसला नाजूक तराजू. जाकीट शिवून झालं की ते त्या तराजूत जायचं. जॉकीला वजनासाठी उपाशी राहावं लागतं हे मला तिथं कळलं. एका मालकाच्या बायकोला जाकिटाला पितळी बटणं हवी होती. मेष्ट्रुंनी बटणं तराजूत टाकून तिला दाखवली आणि विचारलं, "बाई, हे पोरगं काल रात्री एक सफरचंद खाऊन झोपलंय. त्याच्या अंगावर हे घालू?" बाईंनी बटणं पर्समध्ये परत टाकली.

दुकानावर गच्ची होती. तिथं तारेवर नवं जाकीट लटकवायचं आणि मेष्ट्रु चालत गल्लीच्या टोकाला जायचे, शहाळेवाल्याच्या गाडीपाशी. तिथून वळून बघायचे. ऊन असताना एकदा, ढग असताना एकदा, संध्याकाळी ऊन डोळ्यांवर आल्यावर एकदा. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. "स्वामी, ते काय दिसतं?" पोस्टमन म्हणाला 'लाल', आणि बाहीवरचा पिवळा पट्टा त्याला दिसला नाही, तर तो पट्टा उसवायचा आणि रुंद करायचा. एका मालकानं फिकट निळं जाकीट मागितलं. मेष्ट्रुंनी त्यालाच टोकाला नेऊन उभा केला आणि मागं आकाश दाखवलं. "तुमचा जॉकी कुठंय सांगा, सर." मालकानं रंग बदलला.

आणि या माणसानं आयुष्यात एकदाही रेसवर एक रुपया लावला नाही. दर शनिवारी-रविवारी स्टँडमध्ये हजर, हातात दुर्बीण, पण तिकीट नाही. पंटर लोक, म्हणजे तिकीट लावणारे, त्यांच्यामागं लागायचे. "मेष्ट्रे, आज कोण?"

"पांढऱ्यावर जांभळी फुली. काज्यांचं काम एकदम पक्कं झालंय."

"अय्यो, घोडा विचारतोय मी!"

"घोडा मी शिवला नाही."

एकदा ती जांभळी फुली खरंच जिंकली. त्यानंतर महिनाभर लोक दुकानासमोर येऊन काजी बघून जात होते.

मी एकदा विचारलं होतं, तुम्ही लावत का नाही. ते म्हणाले, "कुणावर लावू? सगळी जाकिटं माझीच. दर शर्यतीत मी जिंकतो. आणि दर शर्यतीत नऊ वेळा हरतो." पहिला घोडा आला की टाळ्या वाजवायचे. सगळ्यात शेवटचा आला की त्यालाही वाजवायचे, थोड्या हळू.

मला ते 'डिग्री' म्हणायचे. बारावीला पास झाले त्या दिवसापासून. मी म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत हो. "घोड्याचं नाव जन्मल्यावरच ठेवतात," ते म्हणाले, "पळून दाखवल्यावर नव्हे." त्या दिवसापासून गल्लीतला शहाळेवालाही मला 'डिग्री' म्हणू लागला. नापास व्हायची सोयच उरली नाही.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती टीमची गोष्ट निघाली.

क्लबाच्या कमिटीत एक नवे साहेब आले होते. वयानं तरुण, परदेशात शिकून आलेले, बोलताना दोन्ही हात हलवणारे. माणूस वाईट नव्हता. स्वतः दुकानात आले, बाकावर बसले, कागद पसरला. मी जाकिटं पोचवायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मेष्ट्रे, स्टँड रिकामे पडतायत. लोक घरी बसून टीव्हीवर क्रिकेट बघतात. वन-डेला रंगीत कपडे आले आणि लोक वेडे झाले. का? टीम आहे. आपली टीम. आपणही टीम करू. मल्लेश्वरम, बनशंकरी, जयनगर, देवनहळ्ळी. सगळे जॉकी चार टीममध्ये वाटायचे. दर शर्यतीत पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला तीन. दिवसाच्या शेवटी ज्या टीमचे गुण जास्त ती जिंकली. तिकीट घोड्यावरही लावा, टीमवरही लावा. माणूस आपल्या एरियासाठी घसा फोडेल!"

खरं सांगते, मला ते आवडलं. मल्लेश्वरम जिंकलं पाहिजे असं मला तिथल्या तिथंच वाटायला लागलं.

"आणि जाकिटं?" मेष्ट्रुंनी विचारलं.

"एका टीमचं एकच. मल्लेश्वरम हिरवं, बनशंकरी लाल, जयनगर पिवळं, देवनहळ्ळी निळं. पहिल्यांदा एक दिवस करून बघू. चाललं तर पुढच्या सीझनपासून दर शनिवारी. मालकांचे रंग ठेवू की, कपसाठी, मोठ्या शर्यतीसाठी."

"क्रिकेटला रंग आत्ता सुचले, सर. आपल्याकडे आधीपासून आहेत."

"तेच तर म्हणतो," साहेब हसले. "फार आहेत. चार पुरे."

ते गेल्यावर मेष्ट्रु दोन दिवस मशीनवर बसले नाहीत. आणि घरी आई गप्प झाली. दर शनिवारी चारच रंग म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चार साचे, एकसारखी जाकिटं, कुठल्याही गारमेंट फॅक्टरीत एका दिवसात निघतील. हातशिलाई कुणाला हवी? खिडकीवरची जाकिटं गेली की माझं कॉलेज गेलं. मग मीही त्याच फॅक्टरीत, ओळीत मशीनवर. आमच्या गल्लीतल्या चार मुली आधीच जात होत्या. आईनं एवढंच विचारलं, "परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं, एप्रिलमध्ये. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

तिसऱ्या दिवशी मेष्ट्रुंनी मला बोलावलं. दोन हिरवी जाकिटं शिवून तारेवर लटकवली होती. मला हाताला धरून शहाळेवाल्यापाशी नेलं.

"डिग्री, डावीकडच्यावर तू तिकीट घेतलंयस. बघून ठेव. आता डोळे मिटून दहापर्यंत मोज."

मी मोजलं. डोळे उघडले. गच्चीवर दुकानाच्या घरमालकीणबाई उभ्या होत्या.

"त्यांनी जाकिटं बदलली असतील, नसतील. तुझं कुठलं?"

मी बघत राहिले. दोन हिरवी जाकिटं वाऱ्यावर हलत होती.

"पण मेष्ट्रु, घोड्याच्या पाठीवरच्या फडक्यावर नंबर असतो की."

"तुझ्या अप्पांना विचार नंबर कधी दिसतो."

मी घरी जाऊन विचारलं. अप्पा म्हणाले, "नंबर दिसतो तो घोडा तबेल्यात परत आल्यावर." मग कोपरावर जोर देऊन उठून बसले. कित्येक महिन्यांत ते आपले आपण उठले नव्हते.

"आणि जॉकीचं काय गं? शेवटच्या वळणावर माझ्यापुढं माझ्याच टीमचा घोडा आहे. मी मागं. जोर लावला तर मी त्याला गाठीन. पण का लावू? तो पहिला आला काय, मी आलो काय."

मी वही काढली. कॉलेजात तीन वर्षं आकडे शिकत होते, त्यांचा उपयोग पहिल्यांदा झाला. हा पहिला, तो दुसरा : दहा अधिक सहा, सोळा. तो पहिला, हा दुसरा : सहा अधिक दहा, सोळाच. टीमला काही फरक नाही. पण मागच्या घोड्यावर ज्यानं तिकीट लावलंय त्याचं सगळं त्या एका फरकावर आहे.

"अप्पा, हे बघा!" मी वही त्यांच्यापुढं धरली, आणि मग लक्षात आलं की त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तरी वही हातात घेतली. "दोन्हीकडं सारखंच लिहिलंय," ते म्हणाले. अक्षरांच्या लांबीवरून ओळखलं त्यांनी.

क्लबाच्या कमिटीला मेष्ट्रुंच्या नावानं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. कॉलेजबाहेर लिहिलेलं माझं पहिलं इंग्रजी पत्र. तीन वेळा फाडलं. टायपिंग क्लासात जाऊन टाइप केलं. मेष्ट्रुंना वाचून, अर्थ सांगून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्या ओळीलाच हात वर केला.

"हे 'नम्रपणे याचना करतो' कुठनं आलं?"

"पुस्तकात तसंच असतं."

"मी याचना करत नाही, सांगतोय. काढ ते."

पुन्हा टाइप केलं.

आठवड्यानं बोलावणं आलं. सकाळी, घोड्यांचा सराव असतो त्या वेळेला. कमिटीचे पाचजण होते, त्यांत पांढऱ्या मिशांचे वयस्कर अध्यक्ष. मेष्ट्रु पांढरी छत्री घेऊन, मी कॉलेजची साडी नेसून.

नव्या साहेबांनी सुरुवात केली. "मेष्ट्रे, तुमचं काम कमी होईल म्हणून तुम्हाला भीती वाटते, ते मी समजू शकतो."

"वाटते, सर," मेष्ट्रु म्हणाले. "पण तेवढ्यासाठी असतं तर मी देवळात गेलो असतो. इथं आलोय ते पंटरासाठी."

"पंटरालाच तर टीम हवी आहे!"

"मग सर, पाच मिनिटं पंटर व्हा."

त्यांनी ट्रेनरशी आधी बोलून ठेवलं होतं. सहा घोडे तसेही पळायचे होते. सहाही तपकिरी, रेसच्या घोड्यांत तपकिरीच जास्त. तिघा जॉकींच्या अंगावर हिरवं, तिघांच्या अंगावर लाल. मेष्ट्रुंनी पिशवीतून ती सहा जाकिटं काढली तेव्हा मला कळलं की ते आठवडाभर काय करत होते. प्रत्येक मेंबरनं घोडे जवळून बघितले, एकेक निवडला, नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. साहेबांनी चार नंबर घेतला. हिरवा.

घोडे पलीकडच्या टोकाला गेले. हवेत अजून धुकं होतं. सुटले.

आधी साहेब हाताची घडी घालून उभे होते. वळण आलं तशी घडी सुटली. घोड्यांचा घोळका सरळ वाटेवर आला आणि एक हिरवं जाकीट बाहेरच्या बाजूनं निसटून पुढं आलं. साहेब कठड्यावर चढले. "कम ऑन! कम ऑन, फोर! मार! मार!" टाय खांद्यावर गेला होता. हिरवं जाकीट दोन घोड्यांएवढ्या अंतरानं जिंकलं. साहेबांनी खाली उडी मारून अध्यक्षांना मिठी मारली.

मग घोडे चालत परत आले. जिंकलेल्या घोड्याच्या फडक्यावर नंबर होता दोन. त्याच्या बऱ्याच मागून चार नंबर आला, पाचवा. त्याचा जॉकी त्याच्या मानेवर थोपटत होता, होतं असं कधी कधी, अशा थाटात.

अध्यक्षांनी मिशी पुसली. "अभिनंदन. मल्लेश्वरम जिंकलं."

मेष्ट्रु जवळ गेले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आणि तिकीट, सर?"

साहेबांनी खिशातली चिठ्ठी काढून बघितली. मग स्वतःच असे हसायला लागले की सगळ्यांना हसावं लागलं. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

मग माझी पाळी. मी माझा कागद अध्यक्षांपुढं ठेवला. सोळा आणि सोळा. मी बोलले. इंग्रजीत बोलले. अध्यक्षांनी कागद वाचला आणि एका जुन्या जॉकीला हाक मारली. "पुढं तुझ्याच टीमचा असेल तर तू जोर लावशील?"

तो हनुवटी खाजवत उभा राहिला. "नियम आहे, सर. लावीन. नाही लावला तर लायसन्स जाईल. पण गाठता आलं नाही, तर मी लावला होता हे स्टँडमधल्या माणसाला कसं पटवू? आज हरलो तर तो म्हणतो, घोडा कमी पडला. उद्या म्हणेल, दोघांनी ठरवलं."

लांबवर एक घोडा फुरफुरला.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" अध्यक्षांनी कागदावर बोट ठेवलं.

"माझ्या वडिलांच्या," मी म्हटलं. "ते इथं सईस होते."

अध्यक्षांनी अप्पांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते माझ्याच कागदाच्या खाली लिहून घेतलं. त्या क्लबात अप्पांचं नाव कुणीतरी लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"म्हणजे टीम नकोच," साहेब खाली बसत म्हणाले.

"कोण म्हणालं नको?" मेष्ट्रु चकित झाले. "मला तर फार आवडली! माणसं येतील की. सुम्ने, नुसतं ओरडायला तरी येतील. फक्त दोन गोष्टी करा, सर. एका शर्यतीत एका टीमचा एकच घोडा. चार टीम, चार घोडे. बाकीचे आपले नेहमीसारखे पळू देत. आपल्या माणसाच्या मागं आपला माणूस नको. आणि जाकीट मालकाचंच. टीमची फक्त दंडावर एक पट्टी. ओरडायचं असेल त्यानं पट्टी बघावी, तिकीट घेतलंय त्यानं जाकीट बघावं."

"आणि टीमवर तिकीट?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिकीट घोड्यावर, सर. घोड्याला टीम माहीत नाही."

"पट्टीचं वजन?" जुन्या जॉकीनं विचारलं.

मेष्ट्रुंनी खिशातून एक हिरवी पट्टी काढली. वजन केलेलं होतं.

टीमचा तो दिवस जानेवारीत झाला. मी तसा स्टँड त्याआधी कधी बघितला नव्हता. बनशंकरीहून लोक लाल रुमाल बांधून आले होते, देवनहळ्ळीचे दोन बस भरून, ढोल घेऊन. ज्यांनी आयुष्यात घोडा जवळून बघितला नव्हता ते गल्लीच्या नावानं बोंबलत होते. पण तिकिटाच्या खिडकीपाशी मी मुद्दाम जाऊन उभी राहिले होते. तिथं रांगेतला एकही माणूस टीमचं नाव काढत नव्हता. 'तीन नंबर द्या', 'सात नंबर द्या'. पुस्तक उघडं, पेन्सिलीच्या खुणा, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. ओरडताना सगळे मिळून, तिकीट घेताना प्रत्येकजण एकटा. मेष्ट्रुंना हे आधीच माहीत होतं. मला त्या रांगेत कळलं.

आई पहिल्यांदाच स्टँडमध्ये आली होती. अप्पा कुबड्यांवर आले आणि सईस असताना ज्या पायऱ्यांच्या खाली उभे राहायचे त्या पायऱ्या चढून वर बसले. शेवटच्या शर्यतीत मल्लेश्वरमची पट्टी बांधलेला घोडा वळणावरून पुढं आला, आणि माझ्या शेजारून असा काही आवाज आला की मी दचकले. मेष्ट्रु! छत्री डोक्यावर गरगर फिरवत, इलॅस्टिकसकट चष्मा कपाळावर. "बन्नी! बन्नी, मल्लेश्वरम! बन्नी!" या, या, म्हणून बोलावत होते त्याला, पाहुण्याला बोलवावं तसं.

आई हसत म्हणाली, "अण्णा, सगळी जाकिटं तुमचीच ना?"

मेष्ट्रु एकदम खाली बसले. चष्मा सरळ केला. "जाकिटं सगळी माझीच, अक्का," ते म्हणाले. "पट्टी मल्लेश्वरमची."

मल्लेश्वरम तिसरं आलं. कप बनशंकरीनं नेला. मेष्ट्रुंनी सगळ्यात शेवटच्या घोड्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मग आम्हा तिघांना शहाळी पाजली. पुढच्या सीझनला दर शनिवारी मालकांचेच रंग पळाले. टीमचा दिवस वर्षातून एकदा ठरला, आणि त्याच्या पट्ट्या आईनं शिवल्या.

मेष्ट्रु आता नाहीत. पण एक गोष्ट सांगायची राहिली.

पदवीदानासाठी मी भाड्याचा काळा गाऊन आणला, तो दाखवायला दुकानात घेऊन गेले. मेष्ट्रुंनी तो दोन बोटांत धरून बघितला.

"ही कुठली टीम?"

"सगळ्यांना हाच असतो."

"सगळ्यांना? किती जण?"

"असतील पाचशे."

"मग अक्काला तू कुठली ते कसं कळणार?"

मी म्हटलं, नाव पुकारतात. ते म्हणाले, "माइकवर, इंग्रजीत. अक्काला कळलंच मग." आणि मला उभं करून, टेप न लावता, नुसतं बघून मान मोजली. दुसऱ्या दिवशी दोन बोटं रुंद, उभी, केशरी रेशमी कॉलर तयार होती, गाऊनच्या गळ्यातून वर दिसेल अशी. मधून जांभळी रेघ. "हे तुझे रंग. दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी बघून घेतलंय." मग मला गाऊन घालून गच्चीवर उभं केलं आणि स्वतः शहाळेवाल्यापाशी गेले. उन्हात एकदा, ढगात एकदा. तिथून पांढरी छत्री वर करून हलवली. पास.

समारंभात आई-अप्पांना अगदी शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मेष्ट्रुंनी त्यांच्या हातात रेसची दुर्बीण देऊन ठेवली होती. आम्ही एकामागून एक काळे गाऊन चालत निघालो. नाव पुकारलं ते मलाच नीट ऐकू आलं नाही. पण मागून अप्पांचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला, तबेल्यात मारायचे तशी हाळी : "ती बघ! केशरी! केशरी आली!"

मी बी.कॉम. झाले. दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या दिवसाचा फोटो आहे आमच्याकडे, आणि त्यात अप्पांचा चेहरा आहे.